आत कोणी आहे का?

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. मुलगा म्हणायचे ते सवयीने, आता तो चाळिशीला आला. जरीच्या कारखान्यात अड्ड्यावर बसणारा कारागीर. खाका एकदा नजरेखालून गेला की त्याची सुई आपोआप चालायची. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो गोवंडीला उतरताना चालत्या गाडीतून फलाटावर पडला. डोक्याला चार टाके पडले, एक रात्र इस्पितळात काढली, सीटी स्कॅन झाला. रिपोर्ट आला, नॉर्मल. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मुलाला रिक्षात घालून घरी आणले.

पण घरी आला तो वेगळाच कोणी होता. हात शाबूत, बोलणे शाबूत, चालणे शाबूत. फूल मात्र अर्धेच भरून उठायचा. पुढची पाकळी कुठली, ते त्याला आठवायचे नाही. कारखान्यात दहा माणसे एकदम बोलू लागली की कानांवर हात ठेवायचा. आईवर हात उगारण्यापर्यंत गेला, जो कधी वर मान करून बोलला नव्हता. दोन महिन्यांत शेठने हिशेब केला. गल्लीचा निकाल ठरलेला होता : काम नको म्हणून सोंग करतो. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मीही त्याच निकालावर सही करणाऱ्यांतला होतो. एकदा त्याला चहाच्या टपरीवर बसवून मी चांगला अर्धा तास मेहनतीवर प्रवचन दिले. आज आठवले की मान खाली जाते.

मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षणाने बी.ए. विज्ञानाशी माझी शेवटची भेट शाळेत झाली. तरी या मुलापायी मी गेली काही वर्षे मेंदूच्या तपासणीचा इतिहास वाचत आलो आहे. त्या वाचनात माझ्याच शहराच्या दोन-तीन पत्त्यांवर मी वारंवार जाऊन पोहोचलो. आज बोलायचे आहे ते त्याबद्दल.

फार मोठा काळ मेंदूचा आजार कळायचा तो माणूस मेल्यावर. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरकडे एक रुग्ण होता. त्याला ‘टॅन’ एवढा एकच उच्चार करता येई. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू उघडला, तेव्हा डाव्या बाजूला पुढे एक भाग खराब झालेला दिसला. बोलण्याची जागा सापडली. तेव्हापासून मेंदूचा नकाशा जागांचा नकाशा झाला : इथे बोलणे, इथे पाहणे, इथे हात, इथे पाय. या नकाशाने पुष्कळ काम केले, आणि आमच्या गल्लीतल्या मुलासारख्यांवर नकळत अन्यायही केला. जागा शाबूत दिसली की माणूस शाबूत, असा त्याचा कायदा.

१८९५ साली क्ष-किरण आले, पण त्यांना कवटीचे हाड दिसे, मेंदू नाही. १९१८ साली वॉल्टर डँडी याने मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून फोटो काढले. १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझने गळ्यातल्या धमनीत औषध टोचून मेंदूच्या रक्तवाहिन्या दाखवल्या. दोन्ही प्रकार रुग्णाला नको नको करणारे. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन केला आणि जिवंत मेंदूतली गाठ, साकळलेले रक्त न चिरता दिसू लागले. आजही अपघाताच्या रुग्णाला आधी सीटीच करतात आणि ते योग्यच आहे. कवटीत रक्त साठत असेल तर ते मिनिटांत कळायला हवे.

आता १९७३ सालाकडे येऊ. मला या सालापुढे जाताच येत नाही.

त्या वर्षी १६ मार्चला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटा लेख छापला गेला. लेखक पॉल लॉटरबर, अमेरिकेतला रसायनशास्त्रज्ञ. संपादकांनी तो लेख आधी परत पाठवला होता, लॉटरबरने पुन्हा आग्रह धरला तेव्हा तो आला. त्यात एक चित्र होते : पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांचे. अस्पष्ट, धुरकट, दोन ठिपके. क्ष-किरण नाहीत, चिरफाड नाही. लोहचुंबक आणि रेडिओलहरी, एवढ्यावर काढलेले. एमआरआयचे ते पहिले चित्र. त्यासाठी लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळाले ते तीस वर्षांनी, २००३ साली.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी परळच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या पंचवीस वर्षांच्या परिचारिकेवर एका वॉर्डबॉयने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सफाई कामगाराला ती रक्तात पडलेली दिसली. गळा आवळलेला असताना मेंदूचा प्राणवायू तुटला होता. कर्नाटकातल्या हळदीपूरहून मुंबईत येऊन नर्स झालेली, लग्न ठरलेली ही मुलगी त्यानंतर कधी बोलली नाही. केईएमच्या चार नंबरच्या वॉर्डालगतच्या खोलीत ती बेचाळीस वर्षे राहिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने गेली.

यंत्राचा जन्म आणि अरुणाचे मौन एकाच वर्षातले. पुढची बेचाळीस वर्षे दोन्ही बरोबर चालली आहेत. म्हणून मी या यंत्राचा इतिहास तिच्या खाटेशेजारी बसून वाचतो.

१९७३ साली भारतात सीटी स्कॅन आलेला नव्हता. डॉक्टरांपाशी होता हातोडा, टॉर्च, अनुभव आणि एक नवा शब्द. आदल्याच वर्षी, १९७२ साली, ग्लासगोचे ब्रायन जेनेट आणि न्यूयॉर्कचे फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या अवस्थेला नाव दिले होते, ‘परसिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’. आपली वर्तमानपत्रे सर्रास ‘कोमा’ लिहितात, पण कोमात डोळे मिटलेले असतात. या अवस्थेत माणूस झोपतो, जागा होतो, डोळे उघडतो, श्वास स्वतः घेतो. फक्त त्याला स्वतःचे आणि भोवतालचे भान असल्याची खूण मिळत नाही. शब्द मात्र मला कधी पटला नाही. त्या दोघांनी शब्दकोश काढून त्याचे समर्थन केले होते, हे खरे. पण ‘व्हेजिटेटिव्ह’ ऐकले की सामान्य माणसाला भाजीच आठवते, आणि एकदा नाव पडले की त्यावरून वागणूक ठरते. याच जेनेटने ग्रॅहम टीसडेलबरोबर १९७४ साली ग्लासगो कोमा स्केल दिली. डोळे, बोलणे, हालचाल यांना मिळून तीन ते पंधरा गुण. मुंबईच्या कुठल्याही कॅज्युअल्टीत आज रात्रीही कुणा जखमीचे हे गुण मांडले जातील.

यंत्राच्या मुळाशी जायचे तर आणखी मागे जावे लागते. अणूच्या गाभ्याला चुंबकात ठेवून त्याच्याशी रेडिओलहरींनी बोलता येते, हे १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी वेगवेगळे शोधले. ब्लॉखच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत १९५१ साली आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी एक निबंध लिहिला, तो आजही रसायनशास्त्राच्या वर्गात शिकवतात. अल्कोहोलचा, होय, तेच ते, नमुना त्यांनी चुंबकात ठेवला आणि हायड्रोजनचे एक नाही, तीन वेगळे सूर ऐकू आले. म्हणजे हायड्रोजन आपला शेजार कुठला ते सांगतो. यातले मधले नाव, एस. एस. धर्मट्टी, हे आपले. त्यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचे संशोधन उभे केले. लॉटरबरच्या दोन नळ्यांच्या कितीतरी आधी या शहरात हायड्रोजनची भाषा ऐकणारी माणसे होती, हे मला माहीत नव्हते. तुम्हाला होते?

आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. दीड टेस्लाच्या चुंबकात माणूस झोपवला की हे हायड्रोजन रांगेत उभे राहिल्यासारखे होतात. ते चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. मग रेडिओलहरीने त्यांना किंचित ढकलायचे आणि ते परत येताना काय बोलतात ते ऐकायचे. आत जो ठकठकाट होतो तो चुंबकाच्या वेटोळ्यांत वीज झपाझप बदलल्याचा. चुंबक कधी बंद होत नाही, हे मात्र विसरू नये. जानेवारी २०१८ मध्ये नायर रुग्णालयात एक नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला आणि चुंबकाने सिलिंडरसह त्याला ओढले. तो तरुण वाचला नाही.

१९८६ साली दिल्लीच्या ‘इन्मास’ या संरक्षण खात्याच्या संस्थेत भारतातले पहिले एमआरआय आले. पुढे ते मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत आले. पण अजून ते जागाच दाखवत होते, ब्रोकाच्या नकाशापेक्षा सुबक, इतकेच. खरे वळण आले ते १९९० च्या दशकात, आणि ते तीन बाजूंनी आले.

जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले की प्राणवायू सोडलेले रक्त चुंबकात वेगळे वागते. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे ताजे रक्त धावते, म्हणजे काम करणारा मेंदू चित्रात पकडता येतो. १९९२ पासून माणसांवर हे होऊ लागले.

दुसरी बाजू पाण्याची. पीटर बॅसर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली मेंदूतले पाणी कुठल्या दिशेला सरकते ते मोजायची रीत दिली. संध्याकाळी सात वाजता गोवंडीच्या पुलावर उभे राहून पाहा. गर्दी पुलाच्या लांबीने सरकते, कठड्यातून आरपार जात नाही. मेंदूत पेशींना जोडणारे अब्जावधी धागे आहेत, त्यांच्यातले पाणी तसेच धाग्याच्या लांबीने सरकते. त्या सरकण्यावरून धागा कसा गेला आहे ते कळते. आणि पाणी इकडेतिकडे पांगायला लागले तर ओळखावे की धागा खराब झाला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत आवडते. भरत बिस्वाल हा भारतीय तरुण अमेरिकेत मिलवॉकीला संशोधन करत होता. त्याने लोकांना यंत्रात झोपवून सांगितले, काही करू नका. सगळे संशोधक तेव्हा मेंदूला काम देऊन बघत. रिकाम्या मेंदूतली कुरकुर म्हणजे रेडिओची खरखर, ती पुसून टाकायची. बिस्वालने खरखर पुसली नाही, ऐकली. १९९५ साली त्याने छापले की उजव्या-डाव्या हातांना चालवणारे दोन दूरचे भाग माणूस स्वस्थ पडलेला असतानाही एकाच लयीत वरखाली होतात. म्हणजे त्यांचे आतून बोलणे चालू असते. पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. आज ‘ब्रेन नेटवर्क’ हा जो शब्द सतत कानावर येतो, त्याच्या खाली हा निबंध आहे. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाला खरखरीतून निघालेल्या शोधाचे कौतुक वाटणारच.

या तीन गोष्टींनी जागांच्या नकाशावर रूळ काढले. आणि मग आमच्या गल्लीतल्या मुलासारख्यांचा आजार दिसू लागला. तो होता हे तर आधीच कळले होते. १९५६ साली इंग्लंडमध्ये सबिना स्ट्रिच या डॉक्टरबाईंनी डोक्याला जबर मार लागून नंतर वारलेल्या रुग्णांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. वरून फारसे काही नाही, आत मात्र पांढऱ्या भागातले धागे मोठ्या प्रमाणावर नष्ट झालेले. डोके झटक्याने फिरले की मेंदूचे मऊ थर एकमेकांवर घसरतात आणि धागे ताणले जातात. कवटी फुटायला हवीच असे नाही. सीटीला ते बहुतेक वेळा दिसत नाही. स्टेशने सगळी जाग्यावर, दिवे चालू, आणि चेंबूर ते गोवंडी रूळ उखडलेला, असा तो प्रकार. सीटीत ‘नॉर्मल’ येते ते खोटे नसते, स्टेशनांपुरते खरे असते.

आता परत केईएमला जाऊ.

२००६ साली केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांनी ‘सायन्स’मध्ये तेवीस वर्षांच्या एका बाईची हकीकत छापली. रस्त्यावरच्या अपघातानंतर ती अरुणासारखीच निपचित होती आणि तिच्यावर तेच नाव लागले होते. ओवेनने तिला यंत्रात ठेवले आणि सांगितले : टेनिस खेळता आहात अशी कल्पना करा. हालचाल ठरवणारा तिचा भाग उजळला. मग सांगितले, घरातल्या खोल्यांतून फिरता आहात अशी कल्पना करा. वाटा ओळखणारे भाग उजळले, अगदी धडधाकट माणसाचे उजळतात तसे. बोट हलत नव्हते, पण बाई ऐकत होती, समजत होती, सांगितलेले करत होती. २०१० साली याच वाटेने चौपन्न रुग्ण तपासले, त्यांतल्या पाच जणांना असे उत्तर देता आले. एकाने तर ‘टेनिस म्हणजे हो, घर म्हणजे नाही’ अशा खुणेने घरच्यांविषयीच्या प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली.

हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा चार नंबरच्या वॉर्डाची आठवण आली. ती तेव्हा तिथेच होती.

पण इथे भाबडेपणा करून चालणार नाही. त्या पाचही जणांना मार लागून इजा झालेली होती. अरुणाचा मेंदू प्राणवायूविना गुदमरला होता. ती इजा निराळी, फार व्यापक, आणि तिच्यात अशा उत्तराची आशा फार थोडी. ‘यंत्रात घातले असते तर अरुणा बोलली असती’ असे म्हणणे तिच्यावर आणि विज्ञानावर दोन्हींवर अन्याय होईल. उलट बाजूही तितकीच खरी. यंत्रात उत्तर आले नाही म्हणजे आत कोणी नाही, असेही सिद्ध होत नाही. यंत्रात झोपलेला धडधाकट माणूससुद्धा कधीकधी पेंगतो.

१९९८ साली पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिले. पुढे २००९ साली त्यांनीच सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की तिला आता या जगण्यातून मोकळे करावे. न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांची समिती नेमली : टाटा मेमोरियलचे दिवाटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ रूप गुरसहानी आणि सायनचे मनोविकारतज्ज्ञ नीलेश शहा. त्यांनी कळवले की त्या अवस्थेच्या बहुतेक निकषांत ती बसते. ‘बहुतेक’ या शब्दावर माझे डोळे बराच वेळ थांबले. तीन जाणती माणसे, आणि प्रामाणिकपणे ‘सगळ्या’ म्हणाली नाहीत.

नर्सेस मात्र ठाम होत्या. त्या सांगत होत्या, तिला मासे आवडतात, नावडते तोंडात गेले तर चेहरा बदलतो. पस्तीस-सदतीस वर्षे अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला त्यांनी बेडसोअर होऊ दिला नव्हता. ज्यांनी रुग्ण सांभाळला आहे त्यांनाच कळेल याचा अर्थ काय. ७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. तिचे खरे आप्त केईएमचे कर्मचारी, तिच्या वतीने बोलायचा हक्क त्यांचा, असे त्यांनी सांगितले. त्याच निकालाने देशात पहिल्यांदा, कडक अटींवर, जगवणारे उपचार थांबवण्याचा मार्गही मोकळा केला. २०१८ साली घटनापीठाने तो अधिक रुंद केला. मी कुणाच्या बाजूचा, असे विचाराल तर सांगतो : विराणी निर्दय नव्हत्या, आणि नर्सेस भाबड्या नव्हत्या. एक बाई तिच्या गेलेल्या आयुष्याचे ओझे मोजत होती, दुसऱ्या रोज तिला भरवत होत्या. दोघींना वेगवेगळी अरुणा दिसत होती.

२०२४ साली अनेक देशांतल्या रुग्णालयांनी मिळून एक मोठा अभ्यास छापला. सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांना एमआरआयमध्ये किंवा मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजून तपासले. ६० जणांचे मेंदू सांगितलेले ऐकत होते. चारांतला एक! हा आकडा वाचून कुणाही डॉक्टरने, कुणाही नातेवाइकाने खाटेशेजारी जरा जपून बोलावे.

आपल्याकडे अडचण दुसरीच आहे. हे यंत्र परदेशातून येते, महाग येते. खाजगीत एका तपासणीला काही हजार रुपये लागतात, आणि आमच्याकडे काही हजार म्हणजे महिन्याचे भाडे. पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ नावाची सरकारी संस्था आहे. मूळ टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलेच तिचे रोपटे. दीड टेस्लाचे देशी एमआरआय बनवण्याचे काम तिने बरीच वर्षे चालवले आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्लीच्या एम्सने ते यंत्र रुग्णांवर तपासून बघण्यासाठी तिच्याशी करार केला. घाटकोपरवरून पवईकडे जाणारी बस त्या आवारावरून जाते. मी अनेकदा त्या बसमध्ये बसलो आहे आणि खिडकीबाहेर बघून कवितेची ओळ जुळवत राहिलो आहे.

आमच्या गल्लीतल्या मुलाचे राहिले. पाचेक वर्षांपूर्वी त्याला फीट आली, तेव्हा गल्लीने वर्गणी काढली आणि एमआरआय झाला. त्यात रक्तातल्या लोहाच्या खुणा टिपणारे एक तंत्र असते. पडला तेव्हा मेंदूतल्या धाग्यांजवळ जे सूक्ष्म रक्त सांडले, त्याचे लोह इतकी वर्षे तिथेच होते. डॉक्टरीणबाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकाने काळे ठिपके दाखवले. एक, दोन, चार, सात. कपाळामागे बरेच, आणि दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्यात काही.

त्याची आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारले, “म्हणजे माझा पोरगा खोटं बोलत नव्हता, बाई?”

“नाही,” त्या म्हणाल्या.

ठिपके दिसले म्हणून ते बुजत नाहीत. आता त्याला फीटची गोळी चालू आहे. घरीच बसून दुपट्ट्याला टिकल्या लावतो, एका वेळी एकच रांग, रेडिओ बंद करून. रांग संपली की आई पुढच्या रांगेवर खडूने खूण करते. ती फिल्म तिने रेशनकार्डाबरोबर पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे. घरी कोणी नवे आले आणि मुलाविषयी काही बोलले, की ती उठते, फिल्म काढते आणि ट्यूबलाईटसमोर धरते. मागच्या ईदला मी गेलो होतो, तेव्हा माझ्यासमोरही धरली. मी ती आधी पाहिलेली होती. तरी मी पुन्हा पाहिली.